सहा महिन्यांचे तीन आठवडे

जानेवारीत पुण्यात येणाऱ्या एका अमेरिकी कॉलेजच्या गटाला मी रोज सकाळी दीड तास मराठी शिकवावं, असं पावसाळ्यात ठरलं होतं. दिवाळीनंतर स्थानिक संयोजकाचा मेसेज आला: वेळापत्रक भरगच्च झाल्यामुळे भाषेचा तास वगळला आहे, त्या जागी वारली चित्रकलेची कार्यशाळा घेत आहोत, कळावे. कार्यक्रम तीन आठवड्यांचा. त्यात पुणे, अजिंठा-वेरूळ, एक आदर्श गाव, धारावीची फेरी, दोन स्वयंसेवी संस्था आणि योग. माहितीपत्रकात या सगळ्याला ‘सखोल सांस्कृतिक क्षेत्राभ्यास’ म्हटलेलं. मानधन बुडाल्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. पण जास्त झोंबलं ते हे, की पुण्यात येऊन पुणं शिकायचं तर मराठीवाचून चालतं, हा निर्णय शिकागोत नव्हे, कोथरूडमध्ये बसलेल्या मराठी माणसानं घेतला होता.

म्हणून परदेशी जाऊन शिकण्याच्या या अमेरिकी प्रथेचा हा मागोवा. सुरुवातीची सनावळी भराभर उरकते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. १९२३ मध्ये डेलावेअर विद्यापीठानं आठ विद्यार्थी फ्रान्सला धाडले आणि पदवीचं एक वर्ष परदेशात काढण्याची अमेरिकी रीत सुरू झाली. १९३२ मध्ये निघालेल्या ‘एक्स्परिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’नं मुलांना परक्या कुटुंबात ठेवण्याची कल्पना रुजवली. पुढची तीसेक वर्षं बहुतेकांची तोंडं युरोपकडेच होती. १९६१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठानं भारतासाठी वर्षभराचा कार्यक्रम काढला. त्याच वर्षी जन्मलेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं भारतातलं पहिलं बिऱ्हाड आपल्या डेक्कन कॉलेजात थाटलं. पीएल-४८० या अमेरिकी योजनेतून आलेल्या धान्याचे रुपये इथल्या बँकांत साचले होते. आपण मिलोची भाकरी खाल्ली आणि तिच्या पैशांवर अमेरिकी अभ्यासकांची सोय झाली, असंही म्हणता येईल.

पदवीच्या मुलांसाठी पुण्याचं दार उघडलं ते १९६९ मध्ये. कार्लटन, ग्रिनेल, मॅकॅलेस्टर अशा मध्य-पश्चिमेतल्या लहान कॉलेजांच्या संघानं, म्हणजे एसीएमनं, इथं कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी एलिनॉर झेलियट कार्लटनमध्ये शिकवू लागल्या. आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिलेली ही बाई मिनेसोटातल्या एका छोट्या गावात बसून वर्षानुवर्षं महाराष्ट्र शिकवत राहिली. इकडे फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण लिहिलं. १९७५ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघालं. मी शिकवायला बसले तेव्हा त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर आमचं काम चालायचं. सत्तरीबद्दल मला याहून जास्त सांगायचं नाही. ते दशक मी फक्त ऐकलंय, आणि ऐकवणाऱ्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलंय की आता कंटाळा येतो. ऐंशीच्या दशकाचीही तीच कथा.

मी पाहिली ती नव्वदी.

माझ्या कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मुलं जुलैत यायची, डिसेंबरात जायची. पहिले दोन महिने सकाळी मराठी, दुपारी इतिहास-समाजशास्त्राची व्याख्यानं, संध्याकाळी होस्ट फॅमिलीचं घर. ऑक्टोबरपासून ज्याचं त्याचं प्रोजेक्ट. विषय आपला आपण निवडायचा, माणसं आपली आपण शोधायची आणि शेवटी तीस-चाळीस पानांचा निबंध द्यायचा. विशीतली पोरं ती. त्यांच्या निबंधांनी ज्ञानाच्या भांडारात भर पडली, असा दावा मी तेव्हाही केला नाही. पण त्या काळात एक गोष्ट होती जी आज पैसे मोजूनही मिळत नाही. त्या मुलांना आमची गरज पडायची.

पीएमटीच्या पाटीवर बसचा नंबरसुद्धा मराठी आकड्यांत. तो वाचता आला नाही तर हडपसरला निघालेला मुलगा वारज्याला पोचायचा, आणि तिथून परत यायचं तर कुणाला तरी मराठीत विचारावं लागायचं. घरी फोन करायचा तर एसटीडी-आयएसडीचा बूथ गाठायचा आणि मशिनवर पळणारे आकडे बघत दोन मिनिटांत आटपायचं. एरवी एरोग्राम, उत्तर यायला महिना. ताप आला तर गल्लीतले डॉक्टर, आणि डॉक्टरांकडे न्यायला होस्ट काकू. शहाणपण, पैसा, पासपोर्ट यांतलं काहीच कामाला येत नाही अशा जागी माणूस समोरच्याचं नीट ऐकतो. ऐकल्यावाचून गत्यंतरच नसतं. आंतरसांस्कृतिक अभ्यास वगैरे जे काही म्हणतात, त्याचा गाभा माझ्या लेखी एवढाच आहे.

आणि काळही असा, की दर वर्षी पुण्यात त्यांच्यासमोर काहीतरी घडत होतं. १९९३ ची विसर्जन मिरवणूक बघून मुलं उशिरा घरी परतली आणि पहाटे किल्लारीची धरणी हलली. एका मुलानं लातूरला जायचा हट्ट धरला. आम्ही जाऊ दिलं नाही. मग तो आळीतल्या गणेश मंडळाच्या पोरांबरोबर घरोघर कपडे-भांडी गोळा करत फिरला. आदल्या रात्री गुलालात नाचणारं मंडळ सकाळी मदतीचा टेम्पो कसा भरतं, हे त्यानं आतून पाहिलं, आणि पुढे त्याचा निबंध मंडळांवरच झाला. पुढच्या वर्षी सुरतेत प्लेग आला. अमेरिकेतून पालकांचे फोन खणखणले, काही मुलांना परत बोलावून घेतलं गेलं. जी राहिली, त्यांना त्यांच्या होस्ट आज्या रोज रात्री हळद-दूध पाजत होत्या.

१९९५ च्या २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला. आमच्या वर्गातली एक मुलगी स्टीलची वाटी घेऊन दुपारभर रांगेत उभी राहिली. मूर्ती दूध पिते की नाही, हा प्रश्न तिनं पाच मिनिटांत बाजूला ठेवला. रांगेत कोण कोणाला काय सांगतंय, बातमी कुठून कळली म्हणतंय, बँकेतले साहेब भाजीवालीच्या मागे उभे राहून काय बोलतायत, एवढंच ती टिपत गेली. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांनी विज्ञान विरुद्ध श्रद्धा असा फड लावला. त्या मुलीची मोडक्या मराठीतली चार पानं मला आजही त्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा जास्त सांगतात.

१९९३ मध्येच पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायका प्रथमच संघटित होत होत्या. आमची एक विद्यार्थिनी त्यांच्यामागे पहाटे फिरायची. तिच्या प्रश्नावलीत नाव, वय, गाव आणि मग जात. पहिल्याच दिवशी एका बाईंना तिनं धाडकन विचारलं, “तुमची जात काय?” बाईंनी पोतं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “आधी तुझी सांग.” मुलगी गोंधळली. आमच्याकडे जात नसते, म्हणाली. “मग तुमच्याकडं कचरा कोण उचलतं?” उत्तर द्यायला तिला दोन दिवस लागले. उत्तरात तिच्या शहरातले काळे लोक आले, मेक्सिकोहून आलेले लोक आले, आणि ते सगळं तिला मराठीत सांगावं लागलं. दुभाषा असता तर त्यानं बाईंचा उलटा प्रश्न अदबीनं गाळला असता.

त्या दिवसांना सोन्याचा मुलामा मात्र मला द्यायचा नाही. काही हिशेब तेव्हाचेही आहेत.

एक म्हणजे आमच्या होस्ट फॅमिली. डेक्कन, प्रभात रोड, कोथरूड. आडनावं वाचली तर एकाच पंगतीतली वाटावीत. वेगळी बाथरूम, उकळलेलं पाणी, घरात इंग्रजी बोलणारं कुणी, अशा अटी घालायच्या आणि मग मिळतील ती घरं म्हणजेच महाराष्ट्र समजायचा. मुलं दिवसा चळवळीतला महाराष्ट्र शिकत आणि रात्री पानावर बसून त्याच चळवळीबद्दलचे टोमणे ऐकत. मी येरवड्यातली, दापोडीतली घरं सुचवली की ‘इन्शुरन्सला चालणार नाही’ हे ठरलेलं उत्तर यायचं.

दुसरा हिशेब निबंधांचा. ते तिकडे गेले आणि तिकडच्या खोक्यांत पडले. ज्या बायकांनी, हमालांनी, कुंभारांनी तासन्‌तास दिले, त्यांना चार ओळींचा मराठी सारांशही परत मिळाला नाही. मी तशी अट घालायला सांगितली तेव्हा ती ‘अभ्यासक्रमाबाहेरची’ ठरली.

तिसरा हिशेब आमच्या एका विद्वान प्राध्यापकांशी. आमच्या मुलांना ते ‘डॉलरची पाखरं’ म्हणत, चहाच्या टेबलावर अमेरिकी हेरगिरीच्या कथा रंगवत, आणि आम्ही शिकवणाऱ्या बायका म्हणजे त्यांच्या लेखी घरकाम करून फावल्या वेळात गोऱ्यांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या. निवृत्तीनंतर तेच सद्गृहस्थ दोन आठवड्यांच्या परदेशी गटांचे ‘अकॅडमिक डायरेक्टर’ झाले. गटाला ते शनिवारवाडा दाखवतात, इंग्रजीतून.

मग ओहोटी लागली. ती एका दिवसात लागली नाही, आणि सगळा दोष अमेरिकेचाही नाही. नव्वदी संपता संपता चौकाचौकात सायबर कॅफे निघाले आणि मुलांच्या संध्याकाळी होस्टच्या स्वयंपाकघरातून उठून तिथं गेल्या. २००१ नंतर पालकांची आणि विमा कंपन्यांची भीती वाढली. जानेवारी २००४ मध्ये आपल्याच माणसांनी भांडारकर संस्था फोडली. निमित्त झालेलं पुस्तक मॅकॅलेस्टरच्या प्राध्यापकाचं होतं, म्हणजे पुण्यात मुलं पाठवणाऱ्या कॉलेजांपैकीच एकाच्या. पुस्तकाबद्दल मत काहीही असो, त्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांना लोक ‘कशाला विचारताय?’ असं विचारू लागले, आणि प्रोजेक्टचे विषय आम्ही आधीच सोवळे करून घेऊ लागलो. २००८ मध्ये मुंबई, २०१० मध्ये जर्मन बेकरी. प्रत्येक वेळी काही गट आले नाहीत आणि काही पुन्हा कधीच आले नाहीत.

त्याच सुमारास अमेरिकेत आकड्यांची हाव सुटली होती. २००५ मध्ये लिंकन आयोगानं दरवर्षी दहा लाख विद्यार्थी परदेशी पाठवण्याचं लक्ष्य ठेवलं. इतकी मुलं सहा-सहा महिने कोण पाठवणार? मग मुदत छाटली. २०१८-१९ मध्ये सुमारे ३ लाख ४७ हजार अमेरिकी विद्यार्थी क्रेडिटसाठी बाहेर गेले. त्यांतले जवळपास ६५ टक्के उन्हाळी किंवा आठ आठवड्यांपर्यंतच्या कार्यक्रमांना.

याची एक बाजू मला मान्य आहे. नर्सिंगची मुलगी, इंजिनिअरिंगचा मुलगा, शिकता शिकता हॉटेलात काम करणारं पोर, यांना सहा महिने सुटता येत नाही. नव्वदीतली माझी मुलं बहुतेक खात्यापित्या घरची, गोरी आणि इतिहास-मानववंशशास्त्राची होती. आता येणाऱ्या गटांत जास्त रंग दिसतात, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेली मुलं दिसतात. ते चांगलंच झालं. पण त्यांना कमी दिवस मिळाले म्हणून कमी दर्जाचं का द्यायचं? एसी बस, इंग्रजी बोलणारा गाइड, हॉटेलातलं जेवण, रात्री ‘रिफ्लेक्शन’चं सत्र. दिवसभरात एकाही अनोळखी माणसावर विसंबावं लागू नये, अशी चोख व्यवस्था. गरजच उरली नाही तर शिकायचं कशातून?

आणि हे गोऱ्यांचंच खूळ आहे, असं समजून हसू नये. आपली खाजगी विद्यापीठं बीबीएच्या पोरांना आठ दिवस दुबई-सिंगापूरला नेतात, ‘ग्लोबल इमर्शन’ म्हणून आईबापांकडून लाख-दीड लाख घेतात. अशाच एका दौऱ्यावरून आलेला माझा भाचा दुबईत बुर्ज खलिफा, एक बंदर आणि दोन मॉल बघून आला. ज्या मजुरांशी बोलायला हिंदी पुरली असती, क्वचित मराठीही, त्यांतल्या एकाशीही तो बोलला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मावशी, ते आयटिनरीत नव्हतं गं.”

सहा महिने परत येणार नाहीत, हे मला कळतं. तीन तर तीन आठवडे. पण मग सात ठिकाणं नकोत, एकच पेठ किंवा एकच गाव घ्या. रोज सकाळी दीड तास मराठी, आणि दुपारी शिकलेलं वापरल्याशिवाय जेवण मिळणार नाही अशी सोय. होस्टच्या यादीत दापोडीही आली पाहिजे. आणि शेवटच्या दिवशी, ज्यांना प्रश्न विचारले त्यांच्यासमोर उभं राहून मराठीत दहा वाक्यं: आम्हाला काय कळलं, काय कळलं नाही. चुकलं तर समोरच्यांनी तिथल्या तिथं सुधारायचं. यात खर्चाचं काही नाही. उलट बस वाचते, हॉटेल वाचतं. एवढंही जमत नसेल, तर खुशाल अजिंठा बघा, वारली रंगवा, योग करा. सहलीला मी कधीच नावं ठेवली नाहीत. फक्त तिचे क्रेडिट वाटू नका.