बाळंतपण झालं, म्हणून बीपी उतरत नाही

‘फोनवर आकडे पाठवून कुठे बाळंतिणीची तपासणी होते? दवाखान्यात बोलवा, तीच खरी तपासणी.’ शिकल्यासवरल्या घरांतही हे ठासून सांगितलं जातं. त्यामागे त्याहून घातक समजूत दडलेली असते: मूल झालं, बीपीची कटकट मिटली.

मिटत नाही. गरोदरपणात बीपी वाढलेला असेल, तर बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो सगळ्यांत वर जातो. आधी नॉर्मल असलेल्या बाईलाही पुढच्या सहा आठवड्यांत हा त्रास पहिल्यांदाच होऊ शकतो. नेमकी तेव्हा ती घरी असते. डोकं ठणकतंय म्हणाली, की ‘वारं लागलं असेल’ म्हणत कानाला फडकं आणखी घट्ट बांधलं जातं. बीपी कुणी मोजतच नाही!

आता ‘दवाखान्यात बोलवा’चा हिशेब पाहू. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी गरोदरपणात बीपी वाढलेल्या २०६ बाळंतिणींचे दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे तपासणीला बोलावलं. दुसऱ्या गटाला बीपीचं मशीन देऊन घरी पाठवलं. दोन आठवडे रोज दोनदा मेसेज यायचा, बाईने दंडाला पट्टा बांधून आलेला आकडा उलट पाठवायचा. पहिल्या दहा दिवसांत मेसेजवाल्या गटातल्या ९२ टक्के जणींचा बीपी डॉक्टरांना कळला. बोलावलेल्या गटातल्या जेमतेम ४४ टक्के जणींचा. हा अभ्यास २०१८ साली ‘बीएमजे क्वालिटी अँड सेफ्टी’त छापून आला आहे. निम्म्याहून अधिक बायका ज्या तपासणीला पोचतच नाहीत, तिला खरी तपासणी कसं म्हणायचं?

स्मार्टफोन लागतो, हाही गैरसमज. तिथे साधे एसएमएस पुरले. यंत्र डॉक्टरची जागा घेत नाही. धोक्याचा आकडा आला की पुढचं डॉक्टरच बघतात. मनगटावरचं स्मार्टवॉच मात्र दंडावरच्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. आणि आपल्याकडची ‘किलकारी’ ही फोनसेवा उपयोगाची असली, तरी ती रेकॉर्ड केलेली माहिती ऐकवते, कुणाचा बीपी नोंदवत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी येते. ती बाळाला बघायला आली, तरी बाळंतिणीच्या डोकेदुखीबद्दल तिला आवर्जून सांगा. बीपी १६०/११० किंवा त्याहून जास्त भरला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, छातीखाली उजवीकडे दुखू लागलं, तर कुठल्याही मेसेजची वाट पाहू नका. १०८ला फोन करा.