कंद म्हणजे मुद्दल, फूल म्हणजे नफा

कापडाच्या व्यापाऱ्याने फुलांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु लग्नसराईत ज्या घरी आमच्या दुकानातून कापड जाते, त्याच घरी फूलवाल्याकडून सेहरा आणि हार जातात. गिऱ्हाईक एक, मोसमही एक. फरक इतकाच की आमचा न विकलेला तागा पुढच्या मोसमापर्यंत टिकतो आणि फूलवाल्याचा सकाळचा माल संध्याकाळी कचऱ्यात जातो. शिवाय हार-गजरे गुंफणारी आपल्या वस्तीतील अनेक घरे फुलांसाठी बाहेरगावच्या मालावर अवलंबून असतात. यातले थोडे फूल घरच्या अंगणात निघाले तर काय होईल, हा या लेखाचा विषय आहे.

आमचे दुकान अकोल्यात. उर्दू शाळेत असताना लाला, नर्गिस, सोसन ही नावे आम्ही तोंडपाठ केली होती, पण यातले एकही फूल डोळ्यांनी पाहिले नव्हते. लाला म्हणजे ट्यूलिपच्या जातीचे फूल. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील दुकानात त्याचे रंगीत चित्र पाहिले आणि आम्ही ४० कंद घेऊन आलो. नोव्हेंबरात लावले. बोटभर पाने आली, कळी मात्र एकही वर आली नाही. फेब्रुवारीचे ऊन लागताच सारे कंद सडले.

कारण नंतर कळले. ट्यूलिपच्या कंदाला सुमारे १२ ते १४ आठवडे सलग कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर आतली कळी दांड्यावर वर चढत नाही. श्रीनगरला ही थंडी निसर्गच देतो, म्हणून २००७ साली सुरू झालेली तिथली ट्यूलिप बाग दर वसंतात फुलते. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. इथे तो कंद काय करणार?

याच फुलाने एकदा हॉलंडच्या व्यापाऱ्यांना बुडवले होते. कंद जमिनीत असतानाच त्यांच्या चिठ्ठ्या हातोहात विकल्या जात आणि भाव रोज चढे. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेम शहरात बोलीला गिऱ्हाईकच मिळेना आणि भाव कोसळले. कापसाचे वायदे पाहिलेल्या अकोल्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्यांनी कंद न पाहता चिठ्ठी घेतली, आम्ही हवामान न पाहता चित्र घेतले.

खरेदीसाठी आमची अमरावतीला नेहमी फेरी असते. तिथल्या एका जुन्या फूलवाल्याला हा किस्सा सांगितला, तर तो हसून म्हणाला, "चाचा, थंड्या मुलखाचा कांदा उन्हात घालून काय फायदा? गुलछडी लावा ना!"

गुलछडी म्हणजे निशिगंध, उर्दूत गुलशब्बो. हा कंद मूळचा मेक्सिकोचा, पण आपल्या हवेत पूर्ण रुळलेला. दांडा कमरेपर्यंत चढतो. वसंतातच उंच फूल हवे असेल तर चैत्राच्या सुमारास फुलणारी लाल लिली कुंडीतही येते. ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबर-ऑक्टोबरात लावले तर हिवाळ्यात दांडे मिळतात, पण ते कंद उन्हाळाभर शीतगृहात ठेवावे लागतात. लहान माणसाला परवडते ती गुलछडीच.

पहिल्या वर्षी आम्ही २०० कंद सपाट वाफ्यात लावले. काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले आणि निम्म्याहून अधिक कंद कुजले. पुढच्या वर्षी शेणखत आणि थोडी वाळू मिसळून वीतभर उंच गादीवाफे केले आणि पीक उभे राहिले. लागवड एप्रिल-मे मध्ये करावी. कंद सुपारीपेक्षा मोठा, टणक व डागरहित असावा. दोन बोटे माती वर येईल इतका खोल लावावा. दोन ओळींत एक फूट आणि दोन कंदांत वीतभर अंतर पुरते. तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येऊ लागतात. हिवाळ्यात फूल कमी होते.

पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा जातो. तिथल्या विहिरीचे वा बोअरचे पाणी तपासल्याशिवाय कंदांवर पैसा घालू नये.

जातीही बाजार पाहून घ्याव्यात. हार, सेहरा आणि चादरीसाठी एकेरी फूल लागते. त्याला सुगंध अधिक असतो आणि ते वजनावर विकले जाते. गुलदस्त्यासाठी दुहेरी फुलाचा दांडा लागतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या जातींपैकी शृंगार आणि प्रज्वल एकेरी आहेत, सुवासिनी आणि वैभव दुहेरी. सुटे फूल ऊन चढण्यापूर्वी तोडावे. दांडा खालच्या एक-दोन कळ्या उमलताच कापावा, पण पाने कापू नयेत, कारण कंद पानांवरच पोसला जातो.

आता मुख्य मुद्दा. एका कंदाभोवती वर्षभरात पिल्ले धरतात. दोन-तीन वर्षांनी, पाने पिवळी पडल्यावर, पाणी तोडून कंद काढावेत आणि सावलीत सुकवावेत. पहिल्यांदा आम्ही असे कंद काढले तेव्हा मोठ्या कंदांना चांगले गिऱ्हाईक मिळाले. आम्ही ते सगळे विकले आणि बारीक पिल्ले लावली. त्या वर्षी हिरवीगार पाने आली, दांडे मात्र मोजकेच. फूलवाला दारात येऊन रिकाम्या हाताने परत गेला. गल्ल्यात आलेला पैसा आम्ही नफा समजत होतो, ते तर मुद्दल होते!

बंधूंनो, आपल्या बाजारातील किती दुकाने याच चुकीने बसली, हे आठवून पाहा. मोसमात माल विकला, आलेला सारा पैसा घरच्या कार्यात गेला आणि पुढच्या मोसमाला ताग्यांऐवजी रिकामी फळी उरली. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. उत्तम कंद आधी आपल्या वाफ्यात जातील, उरतील तेच विकले जातील. बारीक पिल्ले वेगळ्या वाफ्यात वाढवायची, त्यांच्याकडून पहिल्या साली काही मागायचे नाही. दुकानातही आता आधी पुढच्या खरेदीची रक्कम बाजूला काढतो, मग घरखर्च.

ज्यांच्या घरी हार गुंफले जातात आणि मागे थोडे उन्हाचे अंगण आहे, त्यांनी ५० कंदांपासून सुरुवात करावी. यासाठी कर्ज काढू नये. अडचण आली तर अकोल्यातच १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे जाऊन विचारावे. विचारायला पैसे पडत नाहीत. आम्ही न विचारता ४० कंदांचे पैसे मातीत घातले होते.