तोड असलेला डाव

कळव्यात खारेगावच्या बाजूला, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका इमारतीत रविवारी दुपारी तीन मुलं एका वहीभोवती बसतात. थोरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो, त्याची बहीण दहावीत आहे आणि शेजारचा मुलगा आठवीत. पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लढतीसाठी ते एक नवी मूव्ह, म्हणजे नवा डाव, बनवत आहेत. मी शेजारी बसून ते काम पाहिलं आणि मध्येच विचारलेल्या माझ्या प्रश्नांना त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली.

पोकेमॉनजवळ एका वेळी चारच मूव्ह असतात. त्यामुळे नवी मूव्ह आली की आधीच्या चारांपैकी एक जाते. वहीच्या पानावर तिची माहिती पाच ओळींत मावते: टाइप, प्रकार, ताकद, अचूकता आणि ती किती वेळा वापरता येते. टाइप अठरा आहेत. पाणी आगीवर दुप्पट लागतं, गवतावर निम्मं. प्रकार तीन: शारीरिक, विशेष आणि थेट इजा न करता परिणाम घडवणारा. अचूकता विकत घ्यावी लागते, तिची किंमत ताकदीतून वजा होते. फ्लेमथ्रोअर या मूव्हची ताकद ९०, पण ती शंभरपैकी शंभर वेळा लागते. फायर ब्लास्टची ११०, पण ती ८५ वेळाच लागते.

आठवीतल्या मुलाने पहिला प्रस्ताव मांडला: पाण्याची मूव्ह, ताकद १५०, अचूकता १००. थोरल्याने एवढंच विचारलं, ‘‘मग समोरच्याने करायचं काय?’’ मुलगा गप्प झाला, मग त्याने स्वतःच ओळ खोडली. पुढचं सगळं काम या एका प्रश्नावर उभं राहिलं. तालमीत डाव शिकवताना वस्ताद त्याची तोडही शिकवतो, तसंच इथे आहे. ज्या डावाला तोड नाही, त्याने खेळ मरतो.

हा धडा पोकेमॉनच्या निर्मात्यांनीही अनुभवातून घेतलेला आहे. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळात सायकिक टाइप जवळजवळ बेलगाम होता. बग टाइपच्या मूव्ह त्याच्यावर दुप्पट लागत, पण त्या फारच दुबळ्या होत्या. घोस्टच्या मूव्ह तर त्याला लागतच नव्हत्या. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये दोन नवे टाइप आले: सायकिकची मूव्ह मुळीच न लागणारा डार्क आणि ती निम्मीच लागणारा स्टील. २००६ च्या डायमंड आणि पर्लमध्ये स्टेल्थ रॉक ही मूव्ह आली. मैदानात दगड पेरून ठेवायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला इजा करायची, असा तो डाव. चॅरिझार्ड या पोकेमॉनवर दगड चौपट लागतो, म्हणून मैदानात नुसतं पाऊल टाकताच त्याचं निम्मं आयुष्य जातं. दगड झाडून टाकणाऱ्या मूव्ह होत्या, पण पायात घालून दगडांतून बिनधास्त चालत यावं असे बूट २०१९ च्या खेळात मिळाले.

नव्या मूव्हची कल्पना मुलीला सुचली. ती कळव्याच्या पुलावरून रोज ठाण्याला शाळेत जाते आणि खाडीचं दिवसातून दोनदा चढणारं, दोनदा उतरणारं पाणी पाहते. तिने लिहिलं: भरती. टाइप पाणी, प्रकार विशेष. पहिल्या वापराला ताकद ६०, लागोपाठ दुसऱ्या वापराला ९०, तिसऱ्याला १२०, मग पुन्हा ६०.

आता एकेका आकड्यावर हुज्जत सुरू झाली. इजेचं सूत्र मुलांना पाठ आहे. पन्नासाव्या लेव्हलला २२ ला मूव्हच्या ताकदीने गुणायचं, हल्ला भागिले बचाव याने पुन्हा गुणायचं, ५० ने भागायचं आणि २ मिळवायचे. मूव्ह वापरणाऱ्याच्या स्वतःच्या टाइपची असेल तर दीडपट. शिवाय ८५ ते १०० टक्क्यांमधला कुठलाही एक आकडा नशिबाने पडतो. हल्ला आणि बचाव दोन्ही १०० धरले आणि समोरच्याचं आयुष्य १५०, तर स्वतःच्या टाइपची ८० ताकदीची मूव्ह एका वेळी ४६ ते ५५ इजा करते. तीन फटक्यांत तो कधी पडेल, कधी नाही. ९० ताकदीची किमान ५१ करते, म्हणजे तिसऱ्या फटक्याला तो नक्की पडतो. दहाच्या फरकाने शंकेची खात्री होते. खेळाडू ज्याला संतुलन म्हणतात ते अशा सीमारेषांवर ठरतं.

भरतीची खरी परीक्षा पावसात झाली. पाऊस पडत असेल तर पाण्याच्या मूव्ह दीडपट होतात. मुलीने हिशेब मांडला: पहिला फटका जास्तीत जास्त ६३, दुसरा ९१. बेरीज १५४. म्हणजे नशीब साथ देईल तेव्हा समोरचा दुसऱ्याच फटक्याला पडणार आणि भरती शिगेला पोचण्याआधीच लढत संपणार. मग चढत्या पाण्याला अर्थच उरत नाही. तिघांनी आकडे बदलले: ६०, ८०, १००. आता पावसातले पहिले दोन फटके मिळून १४५ च्या पुढे जात नाहीत. समोरच्याला तिसरी फेरी मिळते, आणि तिच्यात निर्णय घेता येतो.

तो निर्णय घडवण्यासाठी त्यांनी दोन नियम जोडले. मध्ये दुसरी मूव्ह वापरली, तर पाणी ओसरतं. समोरच्याने प्रोटेक्ट या बचावाच्या मूव्हने फटका अडवला, तरी ती लाट वापरली गेली असं धरायचं. म्हणजे तिसऱ्या वेळी प्रोटेक्ट वापरणाऱ्याने १०० ची लाट फुकट घालवली. पण भरती वापरणाऱ्यालाही ते कळतं. प्रोटेक्ट येणार असं ताडलं, तर तो त्या फेरीत आपला पोकेमॉन बदलून नवा गडी सुखरूप आणू शकतो. चुकीचं ताडलं तर चढवलेलं पाणी हातचं जातं. आता दोन्ही बाजूंना विचार करावा लागतो.

कागदावरचं प्रत्यक्षात आणण्यासाठी थोरल्याने पोकेमॉन शोडाउन हा खुला कोड असलेला सिम्युलेटर आपल्या लॅपटॉपवर चालवला. रोलआउट नावाच्या जुन्या मूव्हचा कोड त्याने नमुन्याला घेतला, कारण तीही लागोपाठ वापरली की चढत जाते, दरवेळी दुप्पट होते. रोलआउट वापरणारा मात्र पाच फेऱ्या तिच्यात अडकतो. भरतीत अडकणं नको होतं, कारण सोडून देण्याची मुभा असेल तरच तिचा मोह पडतो. तो भाग काढून त्याने मोजणी ठेवली, आकडे भरले आणि भाऊ-बहीण समोरासमोर खेळले.

सगळ्यात लांबली ती शेवटची चर्चा: ही मूव्ह द्यायची कुणाला? आठवीतल्या मुलाचं ग्रेनिन्जावर प्रेम, पण तो फार वेगवान. तो आधी वार करणार, म्हणून समोरच्याच्या हातातला वेळ कमी होणार. स्लोब्रो संथ आणि दणकट; दरवेळी त्याला आधी मार खावा लागेल, मग लाट सोडता येईल. तिघांनी स्लोब्रोच्या बाजूने कौल दिला. आवडत्या पोकेमॉनला दूर ठेवताना मुलाला वाईट वाटलं, तरी कौल देणाऱ्या तीन हातांत त्याचाही हात होता.

मला या कामातली ही शिस्त फार मोलाची वाटते. मूव्ह बनवणारा सगळा वेळ समोरच्याच्या जागी बसून विचार करतो: त्याला काय दिसेल, तो काय वाचवेल, त्याला वाट कुठे राहील. जिंकण्याच्या ओढीने खेळायला बसलेली मुलं हरणाऱ्याला संधी ठेवण्यासाठी आकडे खोडतात, पुन्हा मांडतात, भांडतात आणि पटलं की मान्य करतात. पुस्तकातलं गणित, नशिबाचा हिशेब आणि दुसऱ्याचा विचार या तिन्ही गोष्टी एका पाच ओळींच्या मूव्हमध्ये एकत्र येतात. खेळण्यात वेळ जातो म्हणून काळजी करणाऱ्या पालकांनी अशा वहीची पानं एकदा मुलांच्या शेजारी बसून वाचावीत आणि प्रत्येक आकडा तिथे का आहे, हे त्यांनाच विचारावं.