न्हाणीमागचं लिंबू

कन्हानच्या जुन्या वस्तीत घरामागे न्हाणीचं पाणी जिथं जाऊन मुरतं, तिथं बहुधा एक हिरवा ठोंब उभा असतो. कंबरेएवढा, विस्कटलेला, पात्या अशा की चुकून हात घासला तर चिरेल. नव्या माणसाला ते माजलेलं तणच वाटावं. त्यातली एक पात नाकाशी धरा. वास जवळपास नाहीच. आता तीच फाडा आणि चुरगळा. लिंबू! अंगणात लिंबाचं झाड नसताना.

गवती चहाच्या पातीत काही पेशी सुट्यासुट्या, फक्त तेल साठवायला राखलेल्या असतात. त्यांची भिंत शाबूत आहे तोवर तेल कोंडलेलं राहतं. पात फाटली की ते मोकळं होतं. या तेलात साधारण 65 ते 85 टक्के सिट्राल असतं. लिंबाच्या सालीच्या तेलातही हेच द्रव्य आहे, पण जेमतेम दोन-पाच टक्के. लिंबाचा वास लिंबापेक्षा या गवताकडेच जास्त!

नातं मात्र लिंबाशी काडीचंही नाही. गवती चहाचे भाऊबंद म्हणजे ज्वारी, मका, ऊस आणि ज्याच्या ताट्या उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना बांधत, तो वाळा. कडक उन्हात इतर झाडं माना टाकतात तेव्हाही हे कुळ हवेतला कार्बन नेटानं ओढत राहतं. म्हणून मुळाशी ओल असली की ठोंब नवतप्याचे रखरखीत दिवसही काढतो. आपल्याकडे त्याला फुलोरा क्वचितच येतो. शेजारणीनं मुळासकट दिलेली काडी लावायची, बस्स. तिच्याकडे ती आणखी कोणाच्या परसातून आलेली. बियाणं मधे कुठंच नाही. एकच झाड तुकड्यातुकड्यांनी गावभर फिरतंय.

याचंच एक रानटी भावंड मध्य भारताच्या जंगलात वाढतं: रोशा, म्हणजे तिखाडी. त्याच्या तेलाला गुलाबाचा वास. एकेकाळी हे तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथून बल्गेरियाच्या महागड्या गुलाब-अत्तरात गुपचूप मिसळलं जाई. गुलाबी वासाचं ते द्रव्य, जिरॅनिऑल, आणि सिट्राल यांच्यात रसायनाची एकच पायरी आहे. दोन हायड्रोजन गेले, की गुलाबाचं लिंबू होतं.

आता शांत झोपेचं. रात्री चायपत्ती न घालता नुसत्या पात्या, अद्रक आणि गूळ उकळून प्यायलं की जीव निवतो, असं आमच्या घरचं मत. ब्राझीलमध्येही लोक हाच काढा झोपेसाठी आणि घाबऱ्या मनासाठी पितात. तिथल्या संशोधकांनी 1986 साली तो माणसांना देऊन पाहिला. ना झोप सुधारली, ना चिंता उतरली. अपायही काही दिसला नाही. वाचून मी जरा हिरमुसलो. मग वाटलं, रात्रीच्या त्या पेल्यात चायपत्ती नसते, म्हणजे कॅफीनही नसतं. जीव निवतो तो घातलेल्या पातीनं, की न घातलेल्या पत्तीनं? मला दुसरंच खरं वाटतं. तरी पेला सोडलेला नाही.

आणि हा वास फक्त माणसांसाठी नाहीच. पेट्यांमध्ये पाळतात त्या मेलिफेरा जातीच्या कामकरी मधमाश्यांच्या पोटाच्या टोकाजवळ एक ग्रंथी असते. पोळ्याच्या दाराशी उभं राहून, शेपूट वर करून आणि पंख फडफडवत त्या तिच्यातला गंध हवेत सोडतात: भरकटलेल्या बहिणींनो, घर इकडे आहे. त्या गंधात जिरॅनिऑल असतं, आणि सिट्रालही. मधमाशीपालकांना हे चांगलं ठाऊक आहे. फुटून निघालेला थवा रिकाम्या पेटीकडे वळावा म्हणून ते तिच्यात गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकून ठेवतात, आणि पुष्कळदा माश्या खरंच येऊन राहतात.