गायरान म्हणजे पडीक नव्हे



खोडव्याच्या पाहणीसाठी उदगीर भागात फिरताना एका वृद्ध सभासदांनी आम्हांस गायरानाच्या कडेला नेले आणि म्हणाले, "सायब, आमच्या दावणीच्या देवण्या हितंच चरायच्या. आता निस्ती कुसळं ऱ्हायलीत." ऊस सोडून यावेळी गवतावर लिहीत आहोत ते त्यामुळेच.

देवणी हे आपल्याच मातीतले वाण. गीर, डांगी आणि इथली गावरान जनावरे यांच्या मिश्रणातून सुमारे २०० वर्षांत ते घडले. काळ्या तोंडाचा वानेरा, पोटाखाली ठिपके असलेला बालंक्या आणि पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग असलेला शेवरा आपण सर्वजण ओळखतोच. गाय दुधाला, बैल कामाला, असे हे दुहेरी जनावर माळाच्या गवतावर पोसले गेले.

बालाघाटच्या या पठारावर हलक्या जमिनीत पवन्या आणि मारवेल ही सकस गवते असत. चराई बेसुमार झाली की जनावर आधी हीच गवते मुळापर्यंत ओरबाडते. त्यांच्या जागी कुसळी येते, आणि तीही खुरटली की उघडा मुरूम. मग पावसाचे पाणी जिरत नाही, माती घेऊन ओढ्याला धावते. खालच्या विहिरींवर आपला ऊस उभा असतो, हे ध्यानात घ्यावे.

"आमच्याकडे वाढे हायेत की," असे काही सभासद म्हणतात. हंगामात वाढे जरूर घाला, पण नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नका. त्यांतील ऑक्झॅलेटमुळे अंगातले कॅल्शियम बांधले जाते आणि दुभत्या गाईला ते बाधते. सोबत वाळले गवत आणि खनिज मिश्रण हवेच.

माळ केवळ गुरांचा नाही. काळवीट, लांडगा, खोकड, तितर, चंडोल यांचेही ते घर आहे. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. गवत राखले तिथे पक्षी टिकला. पुढे आजूबाजूला पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, आणि आज तो पक्षी राज्यात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्या कारणांत ऊसही आहे, हे ऊस वाढवण्याची नोकरी करणाऱ्या आम्ही लपवून काय उपयोग?

आमची स्वतःची एक चूकही सांगतो. एका गावी मारवेलचा चांगला पट्टा असताना आम्ही तिथे चर खोदून गिरिपुष्प लावण्याचा सल्ला दिला. झाडे वाढली, सावलीत गवत गेले, चंडोलही गेले. माळावर झाड नाही म्हणजे माळ ओसाड, हा आमचा समज चुकीचा होता.

करावे कसे? गायरानाचे तीन भाग पाडावेत. एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा, बी पडल्यावर विळ्याने कापून न्यावे, दरवर्षी भाग बदलावा. वेडी बाभूळ मुळासकट काढावी. मोकळ्या जागी पहिल्या पावसात मारवेलचे ठोंब लावावेत. काडी लावणे सक्त बंद. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांसाठी कडेचा पट्टा न कापता सोडावा. चराई मात्र कायमची बंद करू नये, बेताची चराई माळाला हवीच असते.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत घातली. पाणलोटाची कामेही सोबत झाली. गावचे दूध दिवसाला दीडशे लिटरवरून चार हजारांच्या घरात गेले.

अडचण अतिक्रमणाची आहे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ सालचा आहे, पण गावात त्याचे नाव काढायला कुणी धजत नाही. दुसरी अडचण भूमिहीनांच्या शेळ्यांची. त्यांना आधी चराईचा भाग नेमून द्या, नाहीतर बंदी फक्त ठरावाच्या कागदावर राहील. बागायतदारांनी गोठ्यात बसून ठराव करायचा आणि शेळीवाल्याने उपाशी राहायचे, हे आम्हांस मान्य नाही.

ज्या गावची ग्रामसभा असा ठराव करील, तेथील सभासदांनी मृगापूर्वी आपल्या गट कार्यालयात कळवावे. मारवेलचे ठोंब आमच्याकडे थोडे आहेत, नोंद करील त्याला आधी मिळतील.