पाचवे शील आणि दारूबंदीचा कायदा

विहारात पंचशील ग्रहण करताना पाचव्या शिलाचा उच्चार आपण सर्वजण एका सुरात करतो. त्यात ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ असा एक लांबलचक सामासिक शब्द येतो. सुरा म्हणजे पीठ, भात इत्यादी आंबवून केलेले मद्य. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांचे आसव. मज्ज म्हणजे मद आणणारे जे जे काही ते. आणि पमादट्ठान म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे कारण. गांजा, चरस, ब्राऊन शुगर यांची नावे या शब्दात नाहीत, सबब त्यांना मनाई नाही, असे म्हणणाऱ्याने शेवटचे पद पुन्हा एकदा वाचावे. तंबाखू तर बुद्धकाळी या देशात नव्हतीच. तिने शुद्ध हरपत नाही हे खरे. पण जिच्यावाचून सकाळ सुरू होत नाही ती वस्तू आपली मालकीण झालेली असते, एवढे उपासकाने ओळखावे.

इथवर मतभेद नाही. खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. उपासकाने जे वर्ज्य करावयाचे, ते राज्याने गुन्हा ठरवावे काय? चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ साली ती उठविण्यात आली. तेव्हापासून उपासक-उपासिकांच्या चर्चेत हा प्रश्न वारंवार निघतो. बौद्धाने सदैव बंदीचीच बाजू घेतली पाहिजे, असे अनेकांना वाटते. आम्हांस ते इतके सरळ वाटत नाही.

प्रथम शिलाचे स्वरूप पाहू. ‘समादियामि’ हे क्रियापद उत्तमपुरुषी आहे. मी स्वीकारतो, मी शिकतो, असा त्याचा भाव आहे. त्यात आज्ञा नाही, शिक्षा नाही आणि दुसऱ्याकडे रोखलेले बोटही नाही. ‘सिक्खापद’ या शब्दातील ‘सिक्खा’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड असा अर्थ रूढ झाला, त्याने आपली बरीच दिशाभूल केली आहे.

बाबासाहेबांच्या भूमिकेकडेही नीट पाहावे लागते. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या ४७व्या अनुच्छेदावर चर्चा झाली. मादक पेये व द्रव्ये यांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, ही महावीर त्यागी यांची दुरुस्ती, औषधी उपयोगाचा अपवाद ठेवून, बाबासाहेबांनी स्वीकारली. कोल्हापूरचे प्रा. खर्डेकर यांनी आणि आदिवासींच्या वतीने जयपाल सिंग यांनी बंदीला विरोध केला होता. त्यांना उत्तर देताना, हे निदेशक तत्त्व आहे, बंदी केव्हा आणावी, अंशतः आणावी की हळूहळू, हे राज्य व लोकमत ठरवील, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले. पुढे १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात मात्र दारूबंदीवर कठोर टीका आली. बंदीमुळे शिक्षण व लोककल्याणाचा पैसा बुडतो आणि दारू गाळणे हा घरगुती धंदा होऊन पूर्वी न पिणाऱ्या स्त्रिया-मुलांपर्यंत ती पोहोचते, असा त्यातील युक्तिवाद होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे.

या तीन गोष्टींत विसंगती शोधणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ती दिसत नाही. १९५१ साली बाबासाहेब राज्याच्या तिजोरीविषयी आणि पोलिसांच्या दंडुक्याविषयी बोलत होते. १९५६ साली ते माणसाशी बोलत होते. कायद्याने जे साधत नाही, ते प्रतिज्ञेवर सोपविलेले आहे.

दंडाच्या मर्यादेचा हा विचार धम्मात नवा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात चोर-लुटारूंना ठार मारण्याचा वा बांधून घालण्याचा विचार राजापुढे येतो, तेव्हा पुरोहित त्याला सांगतो की, शिक्षेने उपद्रव संपणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. दारूच्या बाबतीत हे किती खरे आहे, याचा दाखला १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याइतका दुसरा नाही. त्या कायद्याचे नाव पुढे बदलून त्यात ‘महाराष्ट्र’ आले. पण त्याअन्वये पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, आणि तोही आरोग्यरक्षणाच्या नावाखाली. एकीकडे पिणारा ‘रुग्ण’, दुसरीकडे राज्य दुकानांना अनुज्ञप्ती देऊन अबकारी कर घेणार! आणि ज्याला परवाना ठाऊक नाही व दुकानाची दारू परवडत नाही, तो काय पितो, हे जून २०१५मध्ये मालवणीत दिसले. त्या विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती श्रीमंत वस्ती नव्हती.

मग सारे मोकळे सोडावे काय? नाही. अंगुत्तरनिकायात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. म्हणजे पिणारा आणि विकणारा यांत धम्माने भेद केला आहे. पहिल्याला शील दिले, दुसऱ्याच्या उपजीविकेलाच हात घातला. आपल्या कायद्याने नेमके उलट केले. जोतीरावांनी १८८० साली पुणे नगरपालिकेस लिहून दारूच्या दुकानांच्या वाढीला विरोध केला, तेव्हा त्यांचा रोखही दुकानांवर होता, पिऊन पडलेल्यावर नव्हता. वॉर्डातील वा गावातील स्त्रियांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडण्याची जी तरतूद महाराष्ट्रात आहे, ती म्हणूनच आम्हांस जिल्हाभराच्या बंदीपेक्षा अधिक मोलाची वाटते. जिच्या घरात मार बसतो, तिच्या हाती निर्णय येतो.

अमली पदार्थांबाबतही हाच भेद लावावा. १९८५च्या कायद्यात सेवन करणाऱ्यालाही कारावास आहे. मात्र स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे ६४-अ हे कलमही त्याच कायद्यात आहे. ते किती उपासकांना माहीत आहे? मुलगा पावडरीच्या नादी लागला की आपल्या वस्तीत प्रथम लाज आठवते, मग पोलीस, आणि उपचार सर्वांत शेवटी.

आणि लाजेचाच विषय निघाला, तर जयंतीच्या मिरवणुकीत डुलणारी आपली पोरे आपण पाहतोच. त्यांना काय करावे, असे विचारले जाते. विनयपिटकात सागत स्थविरांची कथा आहे. अम्बतित्थ येथील नागाला नमविणारे हे सामर्थ्यवान भिक्खू कोसंबीत आले, तेव्हा आदरापोटी घरोघर त्यांना मद्य पाजण्यात आले आणि ते नगरद्वारी कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले व भगवंतांकडे डोके करून निजविले. नशेत ते वळले आणि पाय भगवंतांकडे झाले. भगवंतांनी भिक्खूंना एवढेच विचारले, हा पूर्वी आदराने वागत होता ना? आता वागतो आहे का? आता हा साध्या पाणसापाला तरी नमवू शकेल का? त्यानंतर जो नियम झाला तो पाचित्तियाचा, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली देऊन शुद्ध होण्याचा. संघातून काढण्याचा नव्हे. सागतांना उचलून आणणारे भिक्खूच होते, आणि त्यांनी त्यांना आणले ते विहारातच.