हिरवळीच्या जागी चिनी गुलाब

विहारासमोरची हिरवळ माजी विद्यार्थ्यांना स्मरत असेल. उन्हाळ्यात वसतिगृहाला टँकरचे पाणी घ्यावे लागू लागले, तेव्हा मुलांना आंघोळीला मोजून एक बादली आणि गवताला मात्र नळी, हे आम्हांस पटेना. ज्या पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सत्याग्रह केला, ते असे उधळणे बरे नव्हे. म्हणून तेथे आम्ही चिनी गुलाब लावला.

‘ऑफिस टाइम’ म्हणूनही ओळखले जाणारे हे रोप मूळचे दक्षिण अमेरिकेचे. आपल्या घोळीच्या भाजीचे सख्खे भावंड. मांसल पानांत व देठांत ते पाणी साठवून ठेवते. चार बोटे लांबीची फांदी खुडावी, काप सुकेपर्यंत सावलीत ठेवावी आणि निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत वीतभर अंतरावर खोचावी. मूळ धरेपर्यंत हलका शिडकावा पुरे. पुढे माती कोरडी झाल्याखेरीज पाणी देऊ नये. पहिल्या वर्षी आम्ही मायेपोटी रोज पाणी घातले आणि निम्मा वाफा कुजविला!

ऊन मात्र त्याला भरपूर हवे. बोधिवृक्षाच्या सावलीतली रोपे नुसतीच लांबली, फुलली नाहीत. त्यावर चालता येत नाही. खेळायला मैदान आहेच. मुसळधार पावसात देठ सडतात, म्हणून काही फांद्या कुंड्यांत लावून आम्ही ओसरीत ठेवतो.

भेटीस येणाऱ्या पालकांनी सकाळी दहाच्या सुमारास वाफ्यापाशी यावे. दुपारनंतर फुले मिटतात. ज्यांना फांद्या हव्या असतील, त्यांनी खुशाल खुडून न्याव्यात.